सोयींचा भार आणि संगणकाची गती

ग्रामपंचायतीच्या कार्यालयात दाखल्यासाठी आलेला ग्रामस्थ केंद्रचालकाच्या तोंडाकडे पाहत असतो आणि केंद्रचालक पडद्यावर गरगर फिरणाऱ्या वर्तुळाकडे. थोड्या वेळाने "सर्व्हर चालत नाही, उद्या या" असे उत्तर मिळते. त्या उद्यासाठी ग्रामस्थाचा आणखी एका दिवसाचा रोज बुडतो. अशा वेळी दोष वीजपुरवठ्याला, दूरसंचार जोडणीला किंवा जुन्या यंत्राला दिला जातो, आणि पुष्कळदा तो खराही असतो. परंतु एका कारणाची चर्चा फारशी होत नाही. ते कारण म्हणजे त्या संगणक-प्रणालीवर तिच्या योजकांनीच लादलेले ओझे.

हे ओझे केवळ आज्ञावली लिहिणारे तंत्रज्ञ लादतात असे नव्हे. प्रणालीने काय काय करावे याची यादी बैठकीत तयार होते आणि त्या बैठकीस अधिकारी, विषयतज्ज्ञ, कधी शिक्षक व लोकप्रतिनिधीही असतात. एक शाखा म्हणते, अर्जदाराचा व्यवसाय विचारावा. दुसरी म्हणते, कुटुंबातील सर्वांची माहिती याच वेळी घ्यावी. कोणी रंगीत आलेख सुचवतो, तर कोणी प्रत्येक टप्प्यावर लघुसंदेश पाठवण्याची सूचना करतो. यातील प्रत्येक सूचना एकेकटी पाहिली तर वाजवी वाटते. तिला विरोध करण्यात कोणाचे हित नसते, आणि मान्य करण्यास तत्काळ खर्च दिसत नाही. शिवाय नवी सोय सादरीकरणाच्या पडद्यावर दाखवता येते, वेग तसा दाखवता येत नाही. वेग असतो तोवर त्याची दखल कोणी घेत नाही, आणि तो गेल्यावर बैठकीतले सभासद त्या खोलीत नसतात.

पुणे शहराच्या दृष्टीने हा विषय विशेष महत्त्वाचा आहे. सन १९९० मध्ये देशात स्थापन झालेल्या पहिल्या सॉफ्टवेअर तंत्रज्ञान उद्यानांत बंगळूर व भुवनेश्वर यांच्याबरोबर पुण्याचाही समावेश होता. राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राचे येथील पथक आणि जमाबंदी आयुक्त व संचालक, भूमी अभिलेख यांचे कार्यालय यांनी मिळून सात-बाराच्या संगणकीकरणाचे काम केले. राज्यातील तलाठ्याने रोज हाताळावयाच्या प्रणालीचा आराखडा अशा रीतीने पुष्कळदा याच शहरात ठरतो.

एका रकान्याची किंमत

अर्जात एक रकाना वाढला म्हणजे पडद्यावर एक चौकोन वाढला, एवढाच त्याचा अर्थ सामान्यतः घेतला जातो. प्रत्यक्षात त्या रकान्यामागे साठवणीची जागा लागते, भरलेली माहिती बरोबर आहे की नाही याची तपासणी लागते, आणि ती तपासणी दुसऱ्या विभागाच्या नोंदवहीवरून करावयाची असेल तर तेथपर्यंत जाऊन येण्याची एक फेरी लागते. अशा फेऱ्या एकामागून एक होत असतील तर त्यांचा वेळ साठत जातो. समजा, एक अर्ज पूर्ण करण्यास अशा ४० फेऱ्या लागतात. हिंजवडीतील कार्यालयात, जलद जोडणीवर, एका फेरीस सेकंदाचा पन्नासावा भाग लागत असेल तर एकूण वेळ एक सेकंदही भरत नाही. हीच प्रणाली डोंगराआडच्या गावी गेली आणि तेथे एका फेरीस अर्धा सेकंद लागू लागला, की त्याच अर्जाला २० सेकंद लागतात. आज्ञावली तीच, यंत्रही कदाचित तेच, तरी चाचणी करणाऱ्या अभियंत्याला जे जाणवलेही नाही ते केंद्रचालकाला दिवसभर सोसावे लागते.

मध्यवर्ती संगणकावर याहून बिकट अवस्था होते. तिचे गणित समजून घेण्यासारखे आहे, कारण ते अपेक्षेच्या विरुद्ध जाते. कोपनहेगनच्या दूरध्वनी कंपनीसाठी काम करणाऱ्या आग्नर एरलांग या डॅनिश गणितज्ञाने १९०९ मध्ये दूरध्वनीच्या मागण्यांविषयी जे विवेचन प्रसिद्ध केले, त्यातून रांगांचे हे शास्त्र वाढीस लागले. शिधावाटप दुकानाच्या खिडकीवरही ते ताडून पाहता येते.

एका खिडकीवर प्रत्येक माणसाच्या कामास सरासरी १ मिनिट लागते असे धरावे. तासाला सरासरी ४८ माणसे येतात, पण ती ठरावीक अंतराने न येता जमेल तशी येतात, आणि प्रत्येकाचे कामही कमीअधिक वेळाचे असते. खिडकी तासातील ४८ मिनिटे कामात आणि १२ मिनिटे रिकामी राहते. अशा स्थितीत आलेल्या माणसाला, रांगेतील वेळ धरून, सरासरी ५ मिनिटे लागतात. आता अर्जात काही रकाने वाढले आणि दर माणसामागे १ मिनिट १२ सेकंद लागू लागले. काम पाचव्या हिश्शाने वाढले, माणसे तितकीच आहेत. वरवर पाहता ५ मिनिटांची ६ मिनिटे व्हावीत. हिशेब मात्र सरासरी ३० मिनिटे सांगतो. खिडकी आता तासातील जवळजवळ ५८ मिनिटे गुंतलेली असते, आणि एकदा साचलेली रांग ओसरण्यास तिला उसंतच उरत नाही. यावर तासाला दोनच माणसे अधिक येऊ लागली, म्हणजे ४८ ची ५० झाली, की रांग वाढतच राहते. पूर्वीच्या सुटसुटीत अर्जावर हीच ५० माणसे सरासरी ६ मिनिटांत मोकळी झाली असती.

माहिती भरण्याची अंतिम तारीख जवळ आली की शाळांचे शिक्षक रात्री उशिरा संगणकापुढे का बसतात, याचे उत्तर या हिशेबात आहे. एरव्ही ठीक चालणारी प्रणाली त्याच आठवड्यात अचानक बिघडली असे सर्वांस वाटते. वस्तुतः तिची उसंत आधीच, एकेका रकान्याने, खर्च झालेली असते.

जिस्टचा धडा

याचा अर्थ प्रणालीत नवे काही घालूच नये असा कोणी काढील, तर तो चुकीचा ठरेल. सर्वांत मोठा पुरावा मराठीचाच आहे. १९८० च्या दशकात कार्यालयांत येऊ लागलेल्या संगणकांवर देवनागरी ही एक जादा सोय होती, आणि तीही अतिशय महाग पडणारी. त्या यंत्रांत आज्ञावलींच्या वापरासाठी अवघी ६४० किलोबाइट स्मृती असे. पडद्यावर रोमन अक्षरे ठरावीक चौकोनांत बसवण्याची तयार व्यवस्था होती. देवनागरीचे तसे नाही. वेलांटी, उकार, रफार आणि जोडाक्षरे ही वर, खाली, मागे, पुढे जाऊन बसतात. हे सारे काम प्रत्येक आज्ञावलीने स्वतः करावयाचे ठरवले असते तर हिशेबाची आज्ञावली अक्षरे रेखाटण्यातच गुंतून पडली असती.

कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत या प्रश्नावर काम झाले होते. १९८८ मध्ये प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, पुण्यात स्थापन झाले आणि ते काम मोहन तांबे यांच्याबरोबर पुण्यास आले. त्यातून जिस्ट या नावाने ओळखले जाणारे तंत्र विकसित झाले. अक्षरे जुळवण्याचे व रेखाटण्याचे काम त्यांनी एका वेगळ्या कार्डाकडे सोपवले. हे कार्ड संगणकाच्या खाचेत बसवले, की इंग्रजीसाठी लिहिलेल्या नेहमीच्या आज्ञावली फारसा बदल न करता देवनागरीत चालू लागत. मूळ आज्ञावलीला आपण मराठी हाताळत आहोत याची जाणीवही नसे.

याहून महत्त्वाचा निर्णय संकेतांचा होता. एका अक्षरसंकेतास आठ द्विमान अंकांची जागा मिळते, म्हणजे एकूण २५६ संकेत होतात. त्यांपैकी निम्मे रोमन लिपी व अंक यांसाठी राखलेले होते. उरलेल्या १२८ घरांत देवनागरी कशी मावणार? जोडाक्षरे तर शेकड्यांनी आहेत. पुण्यातील ज्या कामातून 'इस्की' ही संकेतप्रणाली आकारास आली आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने जी आयएस १३१९४ या क्रमांकाने मानक म्हणून स्वीकारली, तिने जोडाक्षरांना जागाच दिली नाही. स्वर, व्यंजने, स्वरचिन्हे आणि हलन्त एवढ्यांवर तिने काम भागवले. 'स्त्री' हा शब्द स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ ईकार अशा सहा संकेतांत साठवला जाई. त्याचे दृश्य रूप काय असावे हे कार्ड ठरवी. ब्राह्मीपासून निघालेल्या भारतीय लिपींची वर्णमाला सारखी असल्यामुळे हाच तक्ता तमिळ, बंगाली, कन्नड आदी लिपींसही चालला. 'इन्स्क्रिप्ट' हा कळफलकही याच तत्त्वावर सर्व लिपींना समान ठेवण्यात आला. पुढे युनिकोडच्या भारतीय लिपींच्या तक्त्यांची मांडणी इस्कीच्या १९८८ मधील आवृत्तीच्या आधारे झाली. आज भ्रमणध्वनीवर मराठी संदेश लिहिणारा माणूस नकळत त्याच निवडीचा लाभ घेत असतो.

सी-डॅकचे नाव सर्वतोमुखी झाले ते १९९१ च्या 'परम ८०००' या महासंगणकामुळे, आणि ते योग्यच आहे. परंतु तालुका कचेरीतील लिपिकाच्या दृष्टीने पाहिले तर जिस्टचे ऋण अधिक मोठे म्हणावे लागेल.

याच काळात दुसरा एक मार्गही रूढ झाला. संकेतांची शिस्त बाजूस ठेवून अक्षरांच्या आकारांनाच संकेत द्यावयाचे आणि निरनिराळ्या वळणांचे टंक बाजारात आणावयाचे. प्रत्येक टंकाची आपली स्वतंत्र सांकेतिक वही. छपाई देखणी झाली, निवडीस वळणे पुष्कळ मिळाली. मात्र एका कार्यालयात टंकलिखित केलेले पत्र दुसऱ्या कार्यालयात उघडले की पडद्यावर अर्थहीन चिन्हांची रांग उभी राहू लागली. शोध घेणे, अकारविल्हे लावणे ही साधी कामे अवघड झाली. अनेक कार्यालयांतील जुन्या धारिका आजही यामुळे पुन्हा टंकलिखित कराव्या लागतात. जे पहिल्या दिवशी डोळ्यांना दिसते त्याला अग्रक्रम मिळाला आणि त्याचा खर्च पुढील पिढीतील लिपिकांच्या वाट्यास आला.

यंत्र बदलले तरी

नवे, वेगवान यंत्र घेतले की प्रश्न मिटेल, असा विचार स्वाभाविक आहे. पास्कल या संगणकभाषेचे कर्ते, स्वित्झर्लंडचे निकलाउस विर्थ यांनी फेब्रुवारी १९९५ मध्ये सडपातळ आज्ञावलींची बाजू मांडणारा एक लेख प्रसिद्ध केला. यंत्रे जितक्या वेगाने जलद होतात त्याहून अधिक वेगाने आज्ञावली संथ होतात, हे निरीक्षण त्या लेखामुळे विर्थ यांच्या नावाने प्रसिद्ध झाले. विर्थ यांनी मात्र त्याचे श्रेय मार्टिन रायझर यांना दिले होते. विर्थ यांचे १ जानेवारी २०२४ रोजी निधन झाले.

या विचाराचा एक धागा पुण्यापर्यंत येतो. १९७० च्या दशकात झुरिक येथे विर्थ यांच्या परिसरात पास्कलचा जो सुटसुटीत अनुवादक तयार झाला, त्याच्या कर्त्यांत केशव नोरी हे भारतीय संशोधक होते. हा अनुवादक एका काल्पनिक, साध्या यंत्राची भाषा लिहून देत असे. कोणत्याही नव्या संगणकावर पास्कल न्यावयाची असेल तर त्या काल्पनिक यंत्राची नक्कल करणारी लहानशी आज्ञावली लिहिली की काम भागे. पास्कलचा प्रसार जगभर झाला त्यात या लहानपणाचा वाटा मोठा होता. नोरी पुढे पुण्याच्या टाटा संशोधन, विकास व अभिकल्प केंद्रात कार्यरत होते. हे केंद्र १९८१ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसचे प्रमुख फकीरचंद कोहली यांच्या पुढाकाराने स्थापन झाले होते.

कोहली यांनीच २००० च्या सुमारास संगणकाच्या साहाय्याने प्रौढांना वाचन शिकवण्याचा कार्यक्रम हाती घेतला. २००१ च्या जनगणनेनुसार देशातील सात वर्षांवरील लोकसंख्येत एक-तृतीयांशाहून अधिक लोक निरक्षर होते. या कार्यक्रमाच्या योजकांनी दोन गोष्टी प्रारंभीच ठरवल्या. कार्यालयांनी टाकून दिलेल्या, '४८६' जातीच्या जुन्या संगणकांवर तो चालला पाहिजे, आणि त्याने प्रथम केवळ वाचन शिकवावे, लेखन नव्हे. लेखन वगळण्याचा निर्णय शिक्षकांना खटकण्यासारखा आहे, आणि त्यावर मतभेद असू शकतात. परंतु त्यामुळे सुमारे ४० तासांत, काही शेकडा शब्दांच्या आधारे, साधा मजकूर वाचता येईल असा पाठ्यक्रम बांधता आला आणि मराठीसह अनेक भाषांत तो तयार झाला. यंत्राची मर्यादा येथे अडचण ठरली नाही, ती योजनेची पहिली अट होती.

शक्तीची वाण नसते तेथेही अशी अट सुटत नाही. पाषाण येथील भारतीय उष्णप्रदेशीय हवामानविज्ञान संस्थेत २०१८ मध्ये ४ पेटाफ्लॉप क्षमतेचा 'प्रत्यूष' आणि २०२४ मध्ये ११.७७ पेटाफ्लॉपचा 'अर्क' हे महासंगणक बसवण्यात आले. क्षमता सुमारे तिप्पट झाली. मे २०२५ मध्ये भारत पूर्वानुमान प्रणाली कार्यान्वित झाली, तिने अंदाजाच्या जाळीचे अंतर १२ किलोमीटरवरून ६ किलोमीटरवर आणले, आणि त्यामुळे ग्रामपंचायतींच्या समूहापुरता अंदाज देणे शक्य होऊ लागले. जाळीचे अंतर निम्मे केले की चौकोन चौपट होतात आणि गणनाही कालाच्या अधिक लहान टप्प्यांनी करावी लागते. म्हणजे त्याच पद्धतीने गेल्यास काम सुमारे आठपट होते. तिप्पट यंत्रावर आठपट काम बसवावयाचे तर गणनपद्धतीतच काटकसर शोधावी लागते. उद्याच्या पावसाचा अंदाज परवा मिळून उपयोग नाही, हे प्रत्येकास कळते. म्हणून हवामानाच्या आज्ञावलीत नवा घटक घालताना वेळेचा हिशेब मांडावाच लागतो. दाखल्याच्या प्रणालीला अशी नैसर्गिक मुदत नसते. तेथे विलंबाची नोंद फक्त रांगेतील माणसाच्या खिशात होते.

मागणीपत्रात काय असावे

नव्या प्रणालीसाठी काढावयाच्या निविदेत सोयींची यादी तपशीलवार असते आणि गतीविषयी 'प्रणाली जलद असावी' एवढेच वाक्य असते. असे वाक्य नसल्यासारखेच होय. कोणत्या यंत्रावर, कोणत्या जोडणीवर, एकाच वेळी किती वापरकर्ते असताना, कोणते काम किती सेकंदांत पूर्ण झाले पाहिजे, हे आकड्यांत लिहावयास हवे. तेही सरासरीत लिहू नये. सरासरी ३ सेकंद म्हणजे बहुतेकांना १ सेकंद आणि मूठभरांना मिनिटभर असेही असू शकते, आणि ते मूठभर नेहमी त्याच दुर्गम गावांतले असतात. शंभरांपैकी पंचाण्णव वेळा काम अमुक सेकंदांच्या आत व्हावे, अशी अट अधिक उपयोगी.

एकदा सेकंद ठरले की तो अर्थसंकल्पासारखा वापरावा. नवा रकाना सुचवणाऱ्या शाखेने त्याचा वेळ कोठून काढावयाचा हेही सांगावे: दुसरा रकाना गाळून, माहिती आधीच्या नोंदीतून घेऊन, किंवा तपासणी त्याच क्षणी न करता रात्री एकत्रित करून. यांतील शेवटचा उपाय पुष्कळदा विसरला जातो. लघुसंदेश दोन मिनिटांनी गेला तर बिघडत नाही, मग त्यासाठी अर्जदाराला खिडकीपाशी का थांबवावे?

तथापि सर्वत्र काटकसरीचा सोस धरणे हेही तितकेच चूक. अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनुथ यांनी १९७१ मध्ये फोर्ट्रान भाषेतील आज्ञावलींची पाहणी प्रसिद्ध केली. तिच्यात आज्ञावलीच्या चार टक्क्यांहून कमी भागावर निम्म्याहून अधिक वेळ खर्च होतो असे आढळले. तेव्हा आधी मोजावे, मग तो लहानसा भाग सुधारावा. उरलेली आज्ञावली वाचण्यास सोपी ठेवावी. ज्या सोयीवाचून नागरिकाचे काम अडते ती वेगाच्या नावाखाली वगळता येणार नाही. सात-बाऱ्यावरील डिजिटल स्वाक्षरीमुळे तलाठ्याच्या सही-शिक्क्यासाठी घालावी लागणारी फेरी वाचली. दृष्टिहीन व्यक्तीला पडद्यावरील मजकूर ऐकवणारी व्यवस्थाही याच वर्गात येते. अशा सोयी काढावयाच्या नसतात, जिस्टप्रमाणे त्यांचा भार कोठे ठेवावा एवढेच ठरवावयाचे असते.

काढून टाकण्याचे काम मात्र कठीण असते, कारण प्रत्येक रकान्याला एक जन्मदाता असतो. फ्रेड ब्रुक्स यांनी आयबीएम कंपनीतील अनुभवावर आधारलेल्या आपल्या १९७५ च्या ग्रंथात एक इशारा दिला होता. पहिल्या प्रणालीत मोह आवरून बाजूस ठेवलेल्या सर्व कल्पना योजक दुसऱ्या प्रणालीत घालतो, म्हणून दुसरी प्रणाली सर्वांत धोक्याची, असे त्यांचे म्हणणे होते. शासकीय प्रणालींच्या 'सुधारित आवृत्ती'कडे या दृष्टीने पाहावयास हरकत नाही. वर्षभरात एखादा अहवाल किती वेळा उघडला गेला, एखाद्या रकान्यात किती अर्जांत खरोखर काही भरले आणि किती अर्जांत केवळ टिंब किंवा शून्य टाकून पुढे जावे लागले, हे संगणक स्वतःच सांगू शकतो. टिंबांनी भरलेला रकाना हा केंद्रचालकांनी दिलेला अभिप्रायच असतो. आढावा बैठकीपुढे ही यादी ठेवली तर ग्रामसेवक, मुख्याध्यापक किंवा पंचायत सदस्य यांना नेमक्या रकान्यावर बोट ठेवता येईल. नुसती 'साइट हळू चालते' ही तक्रार कोणालाच उपयोगी पडत नाही. कोणत्या पडद्यावर, किती वाजता, किती सेकंद, अशी चार दिवसांची नोंद वहीत करून पाठवली तर तंत्रज्ञाला दोष शोधण्यास ती पुरते.

अंतिम स्वीकृतीची चाचणी पुण्यातील वातानुकूलित कक्षात घेण्याऐवजी भोर किंवा मुळशी तालुक्यातील एखाद्या ग्रामपंचायतीत, तेथील नेहमीच्या यंत्रावर आणि नेहमीच्या जोडणीवर घ्यावी, व पुरवठादाराच्या देयकाचा काही भाग तिच्या निकालाशी जोडावा. दिवसही असा निवडावा की ज्या दिवशी दाखल्यांची गर्दी असते, म्हणजे जून महिन्यात, शाळा-महाविद्यालयांच्या प्रवेशांच्या तोंडावर. मागणीपत्रावर सही करणाऱ्या अधिकाऱ्याने त्या दिवशी सकाळी दहापासून केंद्रचालकाच्या शेजारी खुर्ची टाकून बसावे आणि पहिले पन्नास अर्ज स्वतः घड्याळ लावून मोजावेत.